पार्लरची यादी आणि पंधरा कर्मादान



गेल्या चातुर्मासात आमच्या घरी एका वहीवरून बराच विचार झाला. वही सुनेची. लग्नाआधी तिने ब्यूटी पार्लरचा कोर्स केला होता, आणि वाटूर फाट्यावर आमच्या दुकानाशेजारचा गाळा रिकामा झाल्यापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. वहीच्या पहिल्या पानावर तिने यादी केली होती: हायड्रॉलिक खुर्ची १, आरसे २, केस धुण्याचे बेसिन, ड्रायर, वॅक्स हीटर, ब्रशचा सेट, नखांचा दिवा, पेडिक्युअर टब, स्टरिलायझर.

आमचे वाटूर जालना-मंठा रस्त्यावर. परतूरचा रस्ता इथूनच फुटतो, त्यामुळे फाट्यावर माणसांची ये-जा कायम असते. पण लग्नसराईत नवरीला तयार करायचे म्हटले की बायका जालन्याला जातात. गावात चालेल असे काम आहे, सून हुशार आहे, घरापासून दहा पावलांवर गाळा आहे. मला तर चांगलेच वाटले.

सासूबाईंनी वही पाहिली नाही, फक्त ऐकले. त्यांचे वय ७८. पहाटे दोन सामायिक, संध्याकाळी प्रतिक्रमण, कधी चुकत नाही. त्या म्हणाल्या, "केसवाणिज्जे. पंधरा कर्मादानातलं आहे. श्रावकाच्या घरात हा धंदा होत नाही."

आपण सगळ्याजणी प्रतिक्रमणात सातव्या व्रताच्या अतिचारांत ही पंधरा नावे म्हणतो. इंगालकम्मे, वणकम्मे पासून असईजणपोसणया पर्यंत. मीही चाळीस वर्षे म्हणते आहे. पण खरे सांगते, अर्थ लावून कधी म्हटले नव्हते.

सून दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना अगदी हळू आवाजात तिने विचारले, "आजी, एक विचारू? विसवाणिज्जेपण त्या पंधरातच आहे ना?"

आमचे दुकान कृषी सेवा केंद्राचे आहे. पुढे बियाणे, बाजूला खताच्या गोण्या, आणि मागच्या कप्प्यात कपाशीवरच्या किडीची औषधे. तीस वर्षे त्यावरच घर चालले, मुलांची शिक्षणे झाली, ही सूनही त्याच पैशाने वाजत-गाजत आली. त्या दिवशी ताटावर कोणी काही बोलले नाही. आमच्या ह्यांनी मुकाट्याने ताट धुऊन प्यायले आणि उठले.

त्या पुढच्या रविवारी आम्ही तिघी जालन्याला गुरु गणेश तपोधामात दर्शनाला गेलो. तिथे एका महासतीजींना सासूबाईंनीच प्रश्न घातला. त्यांचे पहिले वाक्य माझ्या लक्षात राहिले: "संसारातल्या कामाला आम्ही 'करा' म्हणत नाही. काय टाळायचं ते विचारा, ते सांगू." मग त्यांनी समजावले. केशवाणिज्य म्हणजे केस कापणे नव्हे. केस असणाऱ्या जिवांचा, म्हणजे दासदासींचा आणि जनावरांचा व्यापार, असा अर्थ आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात दिला आहे. हे बाराव्या शतकातले. पण दंतवाणिज्याचा अर्थ मात्र नुसता हस्तिदंत नाही. त्रस जिवांच्या अंगातून मिळणारे दात, केस, नखे, हाडे, कातडे, लोकर, हे जिथे काढले जाते तिथून व्यापारासाठी घेणे, हे सगळे त्यात येते. आणि लाक्षावाणिज्य म्हणजे लाखेचा व्यापार.

परत येताना बसमध्ये सुनेने वही काढली आणि यादीवर खुणा करायला लागली. सासूबाई खिडकीजवळ होत्या. म्हणाल्या, "वाच बरं एकेक."

तेव्हापासून यादीतली प्रत्येक वस्तू आम्ही तशी तपासली. जे कळले ते लिहिते आहे, कारण तुमच्याही घरात कोणाच्या मुली-सुना हे काम करत असतील. नसतील तर आपण स्वतः पार्लरला जातोच.

ब्रश

सगळ्यात जास्त घोळ ब्रशांचा. दुकानदार "नॅचरल ब्रिसल" म्हणतो तेव्हा आपल्याला वाटते, झाडाचे काहीतरी असेल. केस सेट करायच्या गोल ब्रशात नॅचरल ब्रिसल म्हणजे बहुतेक वेळा डुकराचे केस. मेकअपचे मऊ ब्रश बकरीच्या, घोड्याच्या, खारीच्या केसांचे असू शकतात. अॅक्रिलिक नखे करायचा जो भारी ब्रश असतो, त्यावर "कोलिन्स्की" लिहिलेले असते. तो सायबेरियातल्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा. आणि खुद्द आपल्या मुंगसाच्या केसांचे ब्रशही आपल्या देशात चोरून विकले जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंदी आहे, तरी छापे पडून माल सापडतो.

आम्हाला एका दुकानात असाच एक सेट "एकदम शाकाहारी" म्हणून दिला गेला. घरी आल्यावर सुनेने एक केस ओढून चिमट्यात धरला आणि जाळला. नायलॉनचा असता तर वितळून त्याचा टणक मणी झाला असता. हा कुरकुरत जळला आणि घरभर केस जळल्याचा वास सुटला. सासूबाई आतून म्हणाल्या, "कोणाचे केस जाळता गं?" उत्तर द्यायला जड गेले. सेट परत केला, पैसे पूर्ण मिळाले नाहीत. आता आमचा नियम एकच: वेष्टनावर "सिंथेटिक" किंवा "नायलॉन" असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्यायचे. ते धुवायला सोपे असतात आणि लवकर वाळतात, हा वेगळा फायदा.

खोट्या पापण्यांचेही तसेच. "मिंक" लिहिले असेल तर तो मिंक नावाच्या प्राण्याच्या केसांचा, "सिल्क" म्हणजे रेशमाचा असू शकतो. त्या यादीतून गेल्या. खुर्ची रेक्झिनची घेतली. कातड्याची महागच असते, तो प्रश्नच आला नाही.

रंग आणि डब्यांवरचे आकडे

खाण्याच्या पाकिटावर हिरवा-तपकिरी ठिपका २००१ पासून आला. सौंदर्यप्रसाधनांवर तो असेलच असे नाही. म्हणून आम्ही दोन आकडे पाठ केले. सी.आय. ७५४७० म्हणजे कारमाइन, एका प्रकारचे किडे वाळवून आणि कुटून काढलेला लाल रंग. थोड्याशा रंगासाठी हजारो किडे लागतात. सी.आय. ७५१७० म्हणजे ग्वानिन, माशांच्या खवल्यांपासून मिळणारी मोत्यासारखी चमक. आता पुष्कळशी चमक अभ्रकाची असते, पण आकडा पाहिल्याशिवाय कळत नाही. सुनेने हे दोन्ही आकडे आरशाच्या मागे चिकटवून ठेवले आहेत.

नेलपॉलिशबद्दल एक गमतीची गोष्ट. पार्लरमध्ये टिकाऊ जेल पॉलिशला सर्रास "शेलॅक" म्हणतात. शेलॅक म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर लाखेचे किडे जे तयार करतात त्या लाखेपासूनचा पदार्थ. पण बाटलीला शेलॅक म्हणतात म्हणून आत लाख असतेच असे नाही, आणि दुसरे नाव असले म्हणून नसतेच असेही नाही. घटकांची यादी वाचावी लागते. लाक्षावाणिज्य हा शब्द शेकडो वर्षांपूर्वीचा, आणि तो नखाच्या बाटलीवर भेटला! सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

केस सरळ करायच्या केराटिनमध्ये लोकर, पिसे, शिंगे, खूर यांतून काढलेले प्रथिन असू शकते. शिवाय काही औषधांतून तापवताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते, ती करणारीच्या छातीत जाते. ते काम ठेवलेच नाही. "हनी वॅक्स" मधामुळे गेले. त्याऐवजी सून घरीच साखरेचे करते: दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी, मंद आचेवर सोनेरी तपकिरी होईपर्यंत. गिऱ्हाइकांना तेच आवडते.

आपल्या महाराष्ट्रात हे काम करून ठेवणारे लोक आहेत, हे मला तेव्हा कळले. पुण्यातली 'ब्यूटी विदाउट क्रुएल्टी' ही संस्था डायना रत्नागर यांनी १९७४ मध्ये सुरू केली. कोणत्या वस्तूत प्राण्याचे काय असते, याची माहिती ती इतकी वर्षे देते आहे. प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यावर आपल्या देशात २०१४ मध्ये बंदी आली, आणि तशी चाचणी केलेली प्रसाधने बाहेरून आणण्यावरही. पण चाचणी नसणे आणि प्राण्याचा अंश नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नका.

केस जोडण्याचे काम, म्हणजे एक्स्टेन्शन, यावर घरात दोन मते झाली. ते केस माणसांचे, पुष्कळसे तिरुपतीला वाहिलेल्या केसांच्या लिलावातून आलेले. कोणाला इजा नाही. तरी सून म्हणाली, देवाला वाहिलेले मी विकणार नाही. २००४ मध्ये ज्यू धर्मगुरूंनीही याच केसांच्या टोपांवर बंदी घातली होती, आणि न्यूयॉर्कमध्ये बायकांनी आपले महागडे टोप रस्त्यावर जाळले होते. त्यांचे कारण निराळे, दुसऱ्या देवाला वाहिलेले नको हे. पण घरोघरच्या बायका आपापल्या धर्माचा असा बारीक विचार करतात, हे वाचून बरे वाटले.

हीटर, पाणी, टब

वॅक्स हीटर घेताना सगळे तापमान बघतात. आम्ही झाकण बघितले. पावसाळ्यात फाट्यावरच्या दिव्यांभोवती पाखरांचे थवे असतात. उघड्या गरम वॅक्समध्ये एक संध्याकाळ पुरे. झाकण घट्ट बसणारा हीटर घेतला, खिडकीला बारीक जाळी लावली, आणि चौमासात दिवेलागणीपूर्वी दुकान बंद.

पाणी गाळूनच टाकीत जाते. बोअरचे पाणी जड, त्यामुळे गिझरवर क्षार चढतात, शॅम्पूला फेसही येत नाही. म्हणून बेसिनला मोठा शॉवर न लावता बारीक धारेचा नळ लावला. ज्या जिल्ह्याने टँकरवर उन्हाळे काढले आहेत, तिथे पाणी वाया घालवणे हे निराळे पापच आहे. गरम पाणी थेट मोरीत ओतायचे नाही, निवू द्यायचे, हे तर तुम्हाला सांगायला नको.

पेडिक्युअरसाठी सुनेला बुडबुडे येणारा, पाणी फिरवणारा टब हवा होता. मग तिने एक गोष्ट वाचली. २००० साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल गावी एकाच नेल सलूनमधून शंभरावर बायकांच्या पायांना गळवे झाली, महिनोन्महिने भरली नाहीत. पाणी ओढून घेणाऱ्या जाळीमागे केस आणि मळ साचला होता आणि त्यात जंतू वाढले होते. साधा प्लास्टिकचा टब घेतला. प्रत्येकीनंतर घासायचा, उन्हात पालथा घालायचा. सासूबाई म्हणाल्या, "ओल राहिली की जीव उपजतो, हे सांगायला अमेरिका कशाला?" खरेच आहे. रक्त किंवा पू लागलेला कापूस दोन घडीत, म्हणजे ४८ मिनिटांत, वाळलाच पाहिजे हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तो ओला साठवायचा नाही, उन्हात पसरून वाळवायचा.

स्टरिलायझर म्हणून निळ्या दिव्याची जी पेटी विकतात, ती प्रकाश पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर काम करते. कात्री मिटलेली असेल तर आतली बाजू तशीच. धातूची हत्यारे खरी निर्जंतुक करायला वाफेचे यंत्र लागते, १२१ अंश तापमान आणि पंधरा-वीस मिनिटे. ब्लेड आणि नखांची फाइल प्रत्येकीला नवी. कावीळ ब आणि क रक्तातून पसरतात, तिथे काटकसर चालत नाही. यात सूक्ष्म जीव मरतात हे आम्हाला कळते. पण दुसऱ्या पंचेंद्रिय जिवाचे आरोग्य आपल्या हातात असताना तो आरंभ गृहस्थाला टळत नाही.

विजेचेही बघा. ड्रायर हजार ते दोन हजार वॉट घेतो, गिझर त्याहून जास्त. घरातला छोटा इन्व्हर्टर दिवे-पंखेच चालवील. पंधरा अँपिअरचे प्लग वेगळे काढून घ्या, आणि अॅसिटोनची बाटली हीटरपासून लांब ठेवा, पटकन पेट घेते.

नखांचा दिवा मात्र अजून घेतलेला नाही. जेल नीट वाळले नाही आणि कातडीला लागत राहिले तर कायमची अॅलर्जी होऊ शकते. ते नीट शिकूनच करायचे असे तिने ठरवले आहे. मुद्रा योजनेतले ५० हजारांपर्यंतचे 'शिशु' कर्ज मिळाले, त्यात बाकीचे सगळे बसले.

शेवटचा प्रश्न

वस्तूंचे झाले. पण एक गोष्ट यादीत नव्हती.

दिवाळीच्या आधी कापूस वेचणाऱ्या एका बाई मुलीला घेऊन आल्या. सहावीतली मुलगी, लांब केस, आणि डोके उवांनी भरलेले. शाळेत तिच्या शेजारी कोणी बसत नव्हते. दुकानात बसलेल्या दोघी लगेच उठून उभ्या राहिल्या. आईने हात जोडले, "काहीतरी औषध लावा ताई, नायतर सगळे केस काढून टाका."

औषध मिळते. सुनेने बाटली वाचली, त्यात परमेथ्रिन. ती मला म्हणाली, "आई, आपल्या मागच्या कप्प्यातलं सायपरमेथ्रिन आणि हे एकाच कुळातलं आहे." मारण्याच्या हेतूने मारणे, ही संकल्पी हिंसा. ती श्रावकाला सुटच नाही. आणि समोर रडवेली मुलगी.

आपले साधू-साध्वी लोच करतात, त्यामागे हाही विचार आहे की केस वाढले तर उवा होतील आणि त्यांना इजा होईल. गुजरातच्या कुमारपाल राजाची गोष्ट प्रबंधचिंतामणीत आहे. एका व्यापाऱ्याने ऊ चिरडली, तर राजाने त्याच्या संपत्तीतून 'यूकाविहार' बांधवला. हेमचंद्राचार्य त्याच राजाचे गुरू. पण गोष्ट सांगून त्या मुलीची शाळा सुरू होणार नव्हती.

सून तिला मागच्या दाराने घरी घेऊन आली. सासूबाईंनी सगळे ऐकले, मुलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "माझी फणी आण. आणि पांढरं धोतर." अंगणात पाटावर बसून त्यांनी त्या मुलीच्या डोक्याला तेल लावले आणि दोन तास फणी फिरवली. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, असे दोन आठवडे. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून एकदा करून भागत नाही. निघालेल्या उवा कपड्यासकट सावलीला आडबाजूला ठेवत.

डोक्याबाहेर ऊ एक-दोन दिवसांपेक्षा जगत नाही, हे मला माहीत होते. एकदा मी बोललेच. त्या म्हणाल्या, "मला काय कळत नाही का? मारणारा हात माझा नाही, एवढंच माझ्या हातात आहे. उरलेलं मी प्रतिक्रमणात म्हणते." हे उत्तर मला पूर्ण पटले असे नाही. पण यापेक्षा बरे उत्तर माझ्याकडेही नाही. मुलगी आता दोन वेण्या घालून शाळेत जाते.

पार्लर चालू आहे. पर्युषणाचे आठही दिवस बंद ठेवायचे ठरले आहे. सासूबाई अजून दुकानात पाऊल टाकत नाहीत, पण अंगणात त्यांची फणी आणि धोतर कायम तयार असते.

आणि एक. औषधांच्या बाटल्यांवर विषाच्या तीव्रतेप्रमाणे त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ साली यवतमाळकडे फवारणी करताना वीसवर शेतकरी-मजूर गेले, तेव्हा ह्यांनी कितीतरी दिवस नीट जेवण घेतले नव्हते, पण दुकान तसेच चालले. यंदा हंगामाआधी मी हिशेबाच्या वहीत मागणीचे पान पाहिले. लाल त्रिकोणाचा एकही माल नव्हता. मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. मागचा कप्पा अजून आहे, पण निम्मा रिकामा.

सुनेच्या यादीने आम्हाला आमच्याच दुकानाची यादी वाचायला लावली, एवढे मात्र खरे. तुम्हीही आज प्रतिक्रमणात ती पंधरा नावे म्हणाल तेव्हा एकेका नावाशी क्षणभर थांबून बघा.

लिहिण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर मिच्छामि दुक्कडम्.